जव्हारजवळ ‘खरा’ वारली पाडा कुठे बघायला मिळेल?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पुण्याहून तुम्ही दोघं आणि आठ व बारा वर्षांची दोन मुलं निघणार, डिसेंबरअखेरचे दोन दिवस, मुक्काम पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला. हवा आहे तो ‘टुरिस्टी नसलेला खरा पाडा’, जिथे लोक अजून वारली बोलतात, भिंतींवर चित्रं काढतात, संध्याकाळी तारपा वाजतो. शिवाय फोटो काढलेले चालतात का आणि चित्र घेताना भाव करावा का, हेही तुम्ही विचारलं आहे.

पाड्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. जव्हार तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी सोळा वर्षं मराठी शिकवलं. नोकरी सोडल्यापासून वर्षातून तीन-चार वेळा सहा-आठ जणांना घेऊन त्या भागात जाते. असं एखादं नाव चार ठिकाणी फिरलं की पुढच्या हिवाळ्यात रविवारच्या गाड्या थेट लोकांच्या ओट्यापर्यंत येतात, हे मी पाहिलं आहे. पण नाव न देण्याचं तेवढंच कारण नाही. तुम्हाला जे हवं आहे ते कुठल्या पाड्यात जाता यापेक्षा कोणत्या महिन्यात जाता, कोणाच्या ओळखीने जाता आणि किती वेळ बसता यावर ठरतं. एकाच पाड्यात ऑक्टोबरमध्ये एक दिसेल आणि डिसेंबरमध्ये दुसरंच.

म्हणून आधी डिसेंबरबद्दल. इथलं भात खाचरात पावसाच्या पाण्यावर होतं, नागली (म्हणजे नाचणी) आणि वरई उतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीत. कापणी-झोडणी उरकली, दिवाळी झाली की बहुतेकांना गावात काम उरत नाही. मग जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं बिऱ्हाड बांधून खाली उतरतात, कोणी वीटभट्टीवर, कोणी भिवंडी-वसईकडे बांधकामावर. परततात ती होळीला, कारण शिमगा हा इथला मोठा सण. डिसेंबरअखेर तुम्ही पाड्यात पाऊल टाकाल तेव्हा अंगणं सारवलेली असतील, कोंबड्या फिरत असतील आणि माणूस कमी असेल. माझ्याबरोबर येणारे जवळजवळ सगळे तिथे उभे राहून म्हणतात, किती शांत आहे हो इथे! ती शांतता कामाला गेलेल्या माणसांची आहे. दोन घरं बंद, तिसऱ्यात आजी आणि तिची दोन नातवंडं. तुमच्या बारा वर्षांच्या मुलाला हे समजेल. त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे बंद दारांकडे बघून तो योग्य प्रश्न विचारेल.

तारप्याचंही तसंच. सुकवलेला दुध्या भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण, एवढ्यातून हे वाद्य तयार होतं. त्याचे दिवस म्हणजे भात पिकायला लागल्यापासून दिवाळीच्या सुमारापर्यंत. मधोमध तारपावाला, त्याच्याभोवती कमरेत हात घालून फिरणारी साखळी. तो सूर बदलतो तशी साखळीची चाल बदलते. चित्रांमध्ये जी गुंडाळी तुम्ही पाहिली असेल ती हीच. एका जानेवारीत माझ्या गटातल्या एका गृहस्थांनी म्हाताऱ्या तारपावाल्याकडे भर दुपारी हट्ट धरला. ते बाबा शांतपणे म्हणाले, आता नाही. शेजारच्या तरुणाने पैसे ठरवून वाजवून दाखवलं आणि छान वाजवलं. परतताना गटात वाद झाला, खरं कोणतं? माझ्या मते दोन्ही खरं. तरुणाची ती कला आहे आणि तिचे पैसे घेण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांच्यासारखे तारपावादक मंचावर वाजवत आले आहेत, त्याने तारप्याचा मान कमी झालेला नाही. फक्त मागवलेल्या कार्यक्रमाला कार्यक्रम म्हणावं, पैसे आधी ठरवावेत, आणि आपण विधी पाहिला असं घरी जाऊन सांगू नये. आणि ‘नाही’ म्हणणाऱ्या बाबांना पुन्हा विचारू नये.

तारीख हलवता येत असेल तर माझी पसंती दोन काळांना आहे. एक सप्टेंबरअखेर ते दिवाळी. भात पिवळं व्हायला लागलेलं असतं आणि माणसं घरी असतात. दुसरा होळीनंतरचा. तेव्हा जव्हार-मोखाड्याच्या भागात गावोगाव बोहाडा होतो. देवादिकांचे आणि राक्षसांचे मोठाले मुखवटे चढवून सोंगं रात्रभर नाचतात, टेंभ्यांचा उजेड, संबळ आणि सनईचा आवाज. कुठलं सोंग कोणत्या घराने नाचवायचं हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं. मुखवटे कागदाच्या लगद्याचेही असतात, लाकडाचेही. ते घडवणारे हात या तालुक्यात अजून आहेत. दरवर्षी गावागणिक तारीख बदलते, तेव्हा ओळखीच्या माणसाला फोन करूनच निघावं. आठ वर्षांचं मूल रात्री दोनपर्यंत जागेल का, हे तुम्हालाच ठाऊक. सुट्टी डिसेंबरचीच असेल तर डिसेंबरलाच जा, पण नाच मागू नका. त्या दिवसांत बघण्याजोग्या दोन गोष्टी मात्र भरपूर आहेत, चित्रं आणि बोली.

चित्रांबद्दल ‘भिंतीवरचं खरं आणि कापडावरचं बाजारू’ असा समज शहरात पक्का बसला आहे. तो मला मान्य नाही. मूळ चित्र लग्नाचं. कारवीच्या कुडाची भिंत शेणामातीने लिंपायची, वर गेरूचा हात फिरवायचा आणि तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बांबूची काडी बुडवून सवाशिणींनी चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, काढायचा. काडीचं टोक चावून मऊ केलेलं असतं. लग्नचौकात पालघट ही सुफलतेची देवी असते. हा चौक घराच्या आतल्या, अंधाऱ्या भिंतीवर असतो, रस्त्यावरून दिसावा म्हणून तो काढलेला नसतो. चौक झाला की धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाऊ लागते. म्हणून लग्न नसेल त्या घरात चौक नसणं हेच रीतसर आहे. पाहुण्यांसाठी ओट्याच्या बाहेरच्या भिंतीवर काढलेली चित्रं ही वेगळी आणि अलीकडची गोष्ट.

कागद-कापडावरचं चित्र सुरू झालं ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या पाड्यांवर आले, त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी पुरुष असून काडी हातात घेतली. लग्नचौकाची चौकट सोडून ते मासेमारी, मुंग्यांची वारुळं, पेरणी, गोष्टी असं सगळं काढू लागले. त्यांना १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११मध्ये पद्मश्री. २०१८मध्ये ते गेले. आज तरुण मुलं-मुली रेल्वे, बस, विमानही काढतात. त्यांच्या जगात बस आहे, मग चित्रात का नसावी? सिमेंटच्या घरकुलाच्या भिंतीवर गेरूचा पट्टा ओढून त्यावर काढलेला लग्नचौक मी पाहिला आहे, आणि त्याच घरातल्या मुलाने त्याच आठवड्यात मुंबईच्या दुकानासाठी कापड रंगवलेलं पाहिलं आहे. आई आणि मुलगा दोघंही आपापलं काम मन लावून करत होते.

घेताना एवढंच बघा की चित्र हाताने काढलेलं आहे ना. छापाची रेघ सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीची असते. काडीची रेघ उचलताना बारीक होते, ठिपके सारखे नसतात. पांढरा रंग दुकानातला असेल तर बिचकू नका. पिठाचा रंग कापडावरून झडतो, म्हणून ते बाजारचा पांढरा वापरतात. हे चित्र कोणी काढलं, हे मात्र जरूर विचारा आणि मागे नाव लिहून घ्या. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, तरी शहरातल्या प्रदर्शनातल्या कितीतरी तुकड्यांवर काढणाऱ्याचं नाव नसतं.

भाव करू का, असं विचारलंत. चित्राचा करू नका. एक मोठं कापड बारीक कामाने भरायला आठवडा सहज जातो, आणि ते भरणारी व्यक्ती त्या आठवड्यात दुसरीकडे मजुरीला जात नाही. परवडत नसेल तर लहान चित्र घ्या. मोठं सांगून करवून घ्यायचं असेल तर अर्धे पैसे आधी द्या, कारण कापड आणि रंग त्यांनाच आणावे लागतात. आठवडे बाजारात रानभाजी किंवा टोपली घेताना बाजूचा माणूस जो भाव देतो तोच द्या. तिथेही पाच रुपयांसाठी ओढाताण करू नका.

आता बोलीबद्दल. तुमच्या प्रश्नात ती एका शब्दात आली होती, पण मराठी माणसासाठी खरी अडचण इथेच आहे असं मला वाटतं. गोंडी किंवा कोरकू कानावर पडली तर आपल्याला काही कळत नाही, म्हणून आपण ती वेगळी भाषा आहे हे लगेच मान्य करतो. वारली निम्मी कळते. आणि निम्मी कळते म्हणून आपल्याला वाटतं, ही आपलीच मराठी, जरा बिघडलेली.

ही चूक मी स्वतः केली आहे. शाळेत लागून दुसरंच वर्ष होतं. सहावीतल्या एका मुलीने आजीवर निबंध लिहिला, दोन पानं, एकटाकी. त्यात ‘दिवाली’ होती, ‘डोला’ होता, ‘काली’ गाय होती. मी लाल शाईने प्रत्येक ल चा ळ केला. पान लालेलाल झालं. पुढच्या निबंधात तिने चार ओळी लिहिल्या, चारही शुद्ध. त्यानंतर वर्षभर ती वर्गात आपणहून बोलली नाही. उन्हाळ्यात तिच्या पाड्यावर लग्नाला गेले तेव्हा तिची आजी दिसली. ती धवलेरी होती. रात्रभर गात होती, न थांबता, न अडखळता. त्या पाड्याच्या बोलण्यात ळ जवळपास नव्हताच. म्हणजे मुलीने चूक केलीच नव्हती, तिने आजीला जसं ऐकलं तसं लिहिलं होतं.

आणि तो ‘धवल’ शब्द बघा. आपल्याकडे तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेने लग्नप्रसंगाची गाणी रचली, त्यांना धवळे म्हणतात. मराठीतल्या आद्य कवयित्रीचं नाव म्हणून आपण ते परीक्षेसाठी पाठ करतो. आपल्या शहरी लग्नातून तो शब्द कधीच गेला. वारल्यांच्या मांडवात धवल गाणारी बाई आजही बसते आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. मी मराठीची शिक्षिका, आणि माझ्याच भाषेतला पुस्तकात उरलेला शब्द मला तिथे जिवंत ऐकायला मिळाला, ज्या घरातल्या मुलीची भाषा मी खोडली होती त्याच घरात. तेव्हापासून मी ‘अशुद्ध’ हा शब्द वापरत नाही.

थोडी माहितीही हाताशी असू द्या. या भागात वारलींबरोबर कोकणा, ठाकर, महादेव कोळी, मल्हार कोळी, कातकरी असे अनेक समाज राहतात, आणि घराघरातलं बोलणं बदलतं. जव्हार संस्थानचे मुकणे राजे महादेव कोळी. तेव्हा दिसेल त्या घराला ‘वारली’ म्हणू नका. कोकणा समाजाच्या बोलीला कोकणी किंवा कुकणा म्हणतात, तिचा गोव्याच्या कोंकणीशी गोंधळ करू नका. वारलीला स्वतःची लिपी नाही, लिहायची तर देवनागरीत लिहितात, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत ती नाही. मुलं मराठी माध्यमात शिकतात. म्हणून परक्याशी मराठी आणि घरात वारली, ही सवय लहानपणीच लागते. तुम्ही ओट्यावर आलात की सगळे तुमच्यासाठी मराठीवर येतील. ती त्यांची पाहुणचाराची रीत आहे.

म्हणूनच ‘वारलीत काहीतरी बोलून दाखवा ना’ असं कृपया म्हणू नका. सांगितल्यावर कोणाच्याही तोंडून भाषा येत नाही, तुमच्याही येणार नाही. वस्तूंबद्दल विचारा. सूप विणणाऱ्या बाबांना विचारा, या पट्टीला तुमच्यात काय म्हणतात? चुलीपाशी बसलेल्या मावशींना विचारा, ही भाजी कुठल्या पावसात येते? हातात वस्तू असली की माणूस मोकळं होतं. पंधरा मिनिटांत शेजारीण येते, ‘तसं नाय म्हनत’ म्हणून वाद घालते, आणि दोघी तुम्हाला विसरून आपल्या बोलीत बोलू लागतात. तेव्हा गप्प बसा. तुम्हाला जे ऐकायचं होतं ते सुरू झालेलं असतं. मुलांना एकेक वही द्या. माझ्याबरोबर आलेल्या एका नऊ वर्षांच्या मुलाने एका सकाळी बांबूच्या कामातले एकोणीस शब्द उतरवले होते, आणि प्रत्येक शब्द त्या बाबांना परत वाचून दाखवला. चुकला की बाबा दुरुस्त करायचे. तिथे शिक्षक ते होते.

नमस्कार काय करायचा, असंही लोक विचारतात. ‘राम राम’ सगळीकडे चालतो, तरुण मंडळी ‘जोहार’ म्हणतात. वडीलधाऱ्यांना बाबा, मावशी, आजी म्हणा. ‘ए’ आणि ‘अरे’ नको, वय कितीही लहान वाटो. शहरातून गेलेल्या भल्या माणसांच्या तोंडूनही तिथे एकेरी सहज निघतं, आणि ते समोरच्याला ऐकू येतं.

फोटोंचं उत्तर मी जरा कडक देते. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचं नाव १९९२मध्ये कुपोषणातून झालेल्या बालमृत्यूंमुळे राज्यभर पोचलं. तेव्हापासून या तालुक्यातल्या लोकांनी हाडकुळ्या मुलांवर रोखलेले कॅमेरे पुष्कळ पाहिले आहेत. त्यामुळे मुलांचे फोटो आई-वडिलांना विचारल्याशिवाय अजिबात नको, आणि आई-वडील भट्टीवर असतील तर काढूच नका. घराच्या आत, चुलीपाशी, देवापाशी, चौकाचा फोटो घरच्या बाईने आपणहून सांगितलं तरच. मोठ्या माणसाचा काढलात तर लगेच दाखवा आणि त्यांच्या घरातल्या कोणाच्या तरी फोनवर पाठवा. मी छापून नेते. पाच वर्षांपूर्वी दिलेला फोटो एका घरात अजून आरशामागे खोचलेला आहे, त्यातली आजी आता नाही. चॉकलेटं, जुने कपडे, वह्यांचे गठ्ठे वाटू नका. त्याने मुलं गाडीमागे धावायला शिकतात. काही द्यायचंच असेल तर ज्यांच्याकडे जेवणार त्यांना विचारून किराणा न्या, आणि जेवणाचे पैसे वेगळे द्या.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर डिसेंबरला गेलात तर नाच नाही, पण चित्रकार आणि बांबूकाम करणारे घरी भेटतील. चित्र नाव विचारून घ्या. बोली वस्तूंमधून ऐका. कॅमेरा उशिरा काढा.

दोन दिवसांबद्दल. पुण्याहून नाशिक-त्र्यंबक-मोखाडा केलंत तरी, भिवंडी-वाडा-विक्रमगड केलंत तरी, एक अख्खा दिवस रस्त्यात जातो. दोन दिवसांत जाऊन-येऊन काही हाती लागणार नाही, तीन रात्री काढा. पहिल्या संध्याकाळी जव्हार गावात फिरा. छोटं गाव आहे, पण नगरपरिषद १९१८ची. जयविलास राजवाडा आणि सूर्यास्ताची जागा बघून होईल. जुन्या लिखाणात जव्हार ठाणे जिल्ह्यात असतं, २०१४पासून जिल्हा पालघर आहे, नकाशात शोधताना लक्षात ठेवा. दाभोशाचा धबधबा शेवटच्या सकाळी करा.

मधले दोन दिवस एकाच पाड्याला द्या. तीन पाडे ‘कव्हर’ करायचा मोह टाळा. सोबतीला स्थानिक तरुण हवाच. मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, किंवा आधी एखाद्या चित्रकाराशी फोनवर बोलून त्यांच्याच घरी जायचं ठरवा. हे सगळ्यात चांगलं. सोबत्याची दिवसाची मजुरी निघण्याआधी ठरवा आणि तो जिथे ‘इथे नको’ म्हणेल तिथून मागे फिरा. पहिल्या दिवशी कोणी फारसं बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा आलेलं पाहून चेहरे बदलतात. माझ्या सगळ्या गटांत हे झालं आहे, अपवाद एकच, तेव्हा पाड्यात मयत झालं होतं आणि आम्ही रस्त्यावरूनच परतलो.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची डाळ, खुरासणीची (कारळ्याची) चटणी मिळेल. मुलांना भाकरी काळी दिसली म्हणून नाक मुरडू नका असं घरीच बजावा, किंवा आठवडाभर आधी घरी नागलीची भाकरी करून खाऊ घाला.

आणि गाडीची डिकी अर्धी रिकामी ठेवा. चित्र गुंडाळून नेता येतं, पण सूप आणि टोपली दाबली की कडा उसवते, आणि ती पुन्हा बांधायला येणारा माणूस पुण्यात सापडत नाही.